बाजार गावाबाहेर हलवू नका

गाव नगरपंचायत झालं की वर्ष-दोन वर्षांत बऱ्याच ठिकाणी एक विषय सभेपुढे येतो : आठवडी बाजारामुळे मुख्य रस्त्यावर कोंडी होते, सबब बाजार गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत हलवावा. सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, ठराव होतो. मग जुन्या बाजारतळावर व्यापारी संकुलाचा नकाशा येतो. खाली गाळे, वर सभागृह, समोर दुचाकी लावायला फरसबंदी. २०१४ साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचं ठरवलं, त्यामुळे आज महाराष्ट्रात अशी शंभराहून अधिक गावं आहेत. त्यांतल्या ज्यांचा असा ठराव अजून झालेला नाही, त्यांनी तो करू नये. ज्यांचा झाला आहे, त्यांनी तो फिरवावा. तालुक्याचं गाव ज्या कामावर जगतं ते काम बाजारामुळे गावात येतं, आणि बाजार उठला की ते कुठल्याही संकुलाने परत आणता येत नाही.

जुन्या कागदपत्रांत वस्तीचे तीन प्रकार लिहिलेले आढळतात : मौजे, कसबा आणि पेठ. मौजे म्हणजे शेतीचं गाव, कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य ठिकाण आणि पेठ म्हणजे बाजार. पेठेला शेटे आणि महाजन असे वतनदार असत. कसबे सुकेणे, कसबा बावडा, कसबे डिग्रज ही नावं अजून तशीच चालतात. पुणे, सातारा, सोलापूर इथल्या पेठांना वारांची नावं आहेत. आताची जनगणनासुद्धा नगरपालिका किंवा नगरपंचायत नसलेल्या वस्तीला शहर म्हणायचं की नाही, हे ठरवताना कामाकडे बघते. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, अशी तिची अट आहे. पण तालुक्याच्या गावातलं शेतीबाहेरचं काम कोणाच्या जिवावर चालतं? शिंपी, सोनार, बी-बियाण्याचा दुकानदार, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर, मोटर बांधणारा, या सगळ्यांचं गिऱ्हाईक आसपासच्या तीस-चाळीस गावांतलं शेतकरी आणि मजूर कुटुंब असतं. ते कुटुंब आठवड्यातून एकदा गावात येतं, आणि येतं ते बाजाराला.

बाजाराच्या दिवसाला एक चाल असते. पहाटे व्यापाऱ्यांचे टेम्पो येतात, सात-आठपर्यंत पालं उभी राहतात. त्याच सुमारास पहिल्या एसट्यांनी आणि जीपगाड्यांनी मेथी-कोथिंबिरीच्या गाठोड्यांसह बायका उतरतात. दहा-अकरापर्यंत गावातली नोकरदार माणसं ताजा माल घेऊन जातात. बारा ते चार ही खेड्यांची वेळ. आपला माल विकून हातात पैसे आले की विकणारेच घेणारे होतात : तेल, डाळ, मिरची, पोरांचे कपडे, वहाणा. बऱ्याच भागांत शेतमजुरांचा आठवड्याचा हिशेब बाजाराच्याच दिवशी होतो, म्हणून त्या दिवशी रानात काम नसतं. पाचनंतर उतरता बाजार लागतो, भाव पडतात, आणि ज्यांच्याकडे थोडे पैसे असतात ते तेव्हाच भाजी घेतात. सकाळी खेड्यातून आलेला पैसा संध्याकाळपर्यंत दोन-तीन हातांतून फिरतो आणि त्यातला बराचसा गावातच राहतो.

फिरते व्यापारी या फेऱ्यावर आठवडा बांधतात. सोमवार एका गावाला, मंगळवार दुसऱ्या, बुधवार तिसऱ्या. एखाद्या गावाने जागा अशी दिली की पावसात चिखल होतो किंवा गिऱ्हाईक पोचत नाही, तर कापडवाला, भांडीवाला, मसालेवाला दोन-तीन आठवडे बघतो आणि त्याच वाराच्या दुसऱ्या बाजाराला जायला लागतो. मग कापड घ्यायला येणारं गिऱ्हाईक येत नाही, आणि त्याच्याबरोबर भाजी घेणारंही येत नाही. बाजार असाच मोडतो. कोणी बंद केल्याची तारीख कुठे लिहिलेली सापडत नाही.

बाजारतळापासून शंभर पावलांवरचं मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळून देणारं दुकान जरा जवळून बघा. तिथे येणारी पाच हॉर्सपॉवरची मोटर बहुतेक वेळा तीनऐवजी दोनच फेजवर चालून जळालेली असते. एक फेज जातो, मोटर चालूच राहते, उरलेल्या दोन फेजांतून जास्त करंट ओढते आणि तापते. अशा वेळी मोटर बंद पडावी म्हणून स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. पण विजेच्या कमी दाबाने तो सारखा पडतो, रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस वैतागतो आणि रिले बांधून ठेवतो. कारागीर मोटर उघडतो आणि आधी गुंडाळीचा रंग बघतो. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्याच्या जशाच्या तशा असतील, तर फेज गेला होता. सगळ्याच सारख्या काळ्या असतील, तर दाब कमी होता किंवा पंखा अडकला होता. मग जुनी तार कापण्याआधी तो प्रत्येक स्लॉटमधले टर्न मोजतो, तारेचा गेज मापतो आणि निघालेल्या तांब्याचं वजन करतो. ते वजन शेतकऱ्यासमोर व्हावं लागतं, कारण जुन्या तांब्याची किंमत बिलातून वजा होते. स्लॉट घासून नवा इन्सुलेशन कागद बसवायचा, फर्म्यावर कॉइल भरायच्या, जोडण्या करायच्या. पाण्याबाहेर बसणारा, मोटर आणि पंप एकत्र असलेला मोनोब्लॉक असेल तर वार्निश देऊन भट्टीत वाळवायची. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला वार्निश चालत नाही. तिची तार प्लास्टिकच्या आवरणाची असते आणि बोअरमध्ये सोडण्यापूर्वी मोटर स्वच्छ पाण्याने पूर्ण भरावी लागते. आत हवा राहिली तर आठवड्यात परत जळून येते.

हे काम एका खेड्याच्या जिवावर चालत नाही. एका खेड्यात वर्षाला जितक्या मोटरी जळतात, तेवढ्यात सगळ्या गेजांच्या तारा, फर्मे, भट्टी आणि दोन पोरं पोसता येत नाहीत. तीस-चाळीस खेडी मिळून हा धंदा उभा राहतो, आणि ती खेडी एकत्र येतात बाजारामुळे. मोटर जळाली की शेतकरी बाजाराच्या दिवसाची वाट बघत नाही हे खरं, पण कारागिराची ओळख, उधारीची परतफेड आणि किरकोळ सुटे भाग नेणं त्याच दिवशी होतं. लोहाराचंही तसंच. विळ्याचं पातं लाल करून ठोकायचं आणि फक्त धारेला पाणी द्यायचं. जास्त तापलं तर धार तुटते, कमी तापलं तर वळते. हे हाताने शिकायचं काम आहे. बाजारात पाल टाकून दिवसभर पन्नास-साठ विळे-खुरपी हातातून गेली तरच त्या माणसाचं पोट भरतं आणि हात तयार राहतो.

आता अंतराचा प्रश्न. ‘दोनच किलोमीटर तर जायचंय’ असं म्हणणारा माणूस दुचाकीवर असतो. वीस किलोचं गाठोडं घेऊन एसटीतून उतरणाऱ्या बाईला दोन किलोमीटर म्हणजे रिक्षा, जाताना आणि येताना. एका वाफ्याची मेथी विकून जे हातात येतं, त्यातलं बरंचसं या खर्चातच गेलं तर ती काही दिवसांनी यायचं सोडते आणि आपली मेथी बांधावरच एखाद्या व्यापाऱ्याला देते. घेणाऱ्याचंही तेच. दवाखाना, बँक, तहसील, खताचं दुकान आणि बाजार ही कामं एका फेरीत व्हावीत म्हणून तो तालुक्याला येतो. बाजार बाजूला काढला की ही फेरी तुटते, आणि मुख्य रस्त्यावरच्या ज्या दुकानदारांनी बाजार हलवा म्हणून अर्ज दिला, त्यांच्याही दारात त्या दिवशीची गर्दी राहत नाही.

जागा पुरत नाही, हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. म्हणून हिशेबच मांडू. जमिनीवर बसणाऱ्या भाजीवाल्याला सहा फूट रुंद आणि चार फूट खोल जागा पुरते. समोरची गल्ली आठ फुटांची हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक वाकून माल निवडत असलं तरी मधून दोन पिशव्या घेतलेला माणूस जातो. गल्ली समोरासमोरच्या दोन ओळींत वाटली जाते, तेव्हा एका बैठकीला सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ चौरस फूट लागतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. तीनशे बैठकांना १४,४०० चौरस फूट, म्हणजे साधारण सव्वातेरा गुंठे. कापड, भांडी, मसाले यांच्या दहा बाय दहाच्या साठ पालांना दहा फुटांच्या गल्लीसह ९,००० चौरस फूट, म्हणजे सव्वाआठ गुंठे. मिळून साडेएकवीस गुंठे झाले. एका एकरात चाळीस गुंठे असतात. उरलेल्या साडेअठरा गुंठ्यांत माल उतरवायची जागा, बारा फुटांचा कायम मोकळा रस्ता, शौचालय, पाण्याचे नळ आणि कचऱ्याचा कोपरा आरामात बसतो. जुना बाजारतळ एकराच्या आसपास असेल तर जागा कमी पडायचं कारण नाही. जागा कमी पडते ती तळावर आधीच गाळे, पाण्याची टाकी, व्यायामशाळा आणि कमान बांधल्यामुळे. तेवढी गेलेली जागा बाजार रस्त्यावर शोधतो.

बांधलेले ओटे असून भाजीवाले रस्त्यावर का बसतात, याचं उत्तर ओट्यांच्या बांधणीत आहे. कंत्राटात ओटे बहुतेक अडीच-तीन फूट उंच होतात, कारण तसे ते नीटनेटके दिसतात. त्यावर बसलेल्या बाईला पाय मोकळे करायला उतरता येत नाही, गाठोडं वर चढवायला दुसरा माणूस लागतो, आणि माल गिऱ्हाइकाच्या छातीला येतो. ओळी आतल्या बाजूला तोंड करून बांधलेल्या असतात, वरचा पत्रा फार खाली असतो, दुपारी तिथे अंधार आणि उकाडा. अशात एकजण उठून दारात बसतो. सगळं गिऱ्हाईक आधी त्याच्यापाशी थांबतं. मग दुसरा त्याच्या पुढे सरकतो. तासाभरात सगळा बाजार रस्त्यावर आणि ओट्यांवर रिकामी पोती. याला विक्रेत्यांची बेशिस्त म्हणणं अन्याय आहे. ओटा नऊ इंच ते एक फूट उंच असावा, वर चढायला जागोजाग पायरी असावी, पाणी निघून जावं म्हणून पाठीमागे किंचित उतार आणि झाकलेली नाली असावी. पत्रा मधोमध किमान चौदा फूट उंच असावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक गल्लीला दोन तोंडं असावीत, एक एसटी स्टँडच्या बाजूला आणि एक पेठेच्या बाजूला. गिऱ्हाईक एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडलं, तर आतली आणि दारातली बैठक सारखीच चालते.

शौचालयाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. सकाळी सातला घर सोडलेली बाई रात्री आठला घरी पोचते. मधल्या तेरा तासांत शौचालयाची सोय नाही म्हणून ती पाणीच पीत नाही. लघवीच्या जळजळीपासून मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंतचे त्रास त्यातून होतात. कागदावर शौचालय असतं, पण बाजाराच्या दिवशी त्याला कुलूप असतं, किंवा टाकीत पाणी नसतं, किंवा ते तळाच्या दुसऱ्या टोकाला असतं आणि माल सोडून तिथवर जाता येत नाही. बायकांसाठी किमान सहा खोल्या, आतून लागणारी कडी, दिवा, पाणी, आणि त्या दिवशी बसलेली एक पगारी बाई. नगरपंचायतीला हे जमत नसेल तर बाजाराची एक पावतीसुद्धा फाडायचा तिला अधिकार नाही, असं माझं मत आहे.

पावतीचाही हिशेब बघायला हवा. बाजार वसुलीचा वर्षाचा ठेका लिलावाने दिला जातो. ठेकेदाराने बोली चढवून घेतली की ती रक्कम बावन्न बाजारांतून काढायची असते, आणि पावसाळ्यातले आठ-दहा बाजार पडतातच. मग छापील दरापेक्षा जास्त घेतलं जातं, पावती दिली जात नाही, चांगली जागा पैसे देणाऱ्याला मिळते. यावर उपाय अवघड नाही. दरफलक प्रत्येक तोंडाशी मोठ्या अक्षरांत लावा, क्रमांक छापलेली पावती सक्तीची करा, बैठकांना रंगाने क्रमांक टाका आणि शक्य असेल तर ठेका बंद करून आपलेच कर्मचारी बसवा. जमलेल्या पैशातला ठरावीक भाग त्याच तळावर खर्च होतो हे वर्षाअखेरीस फलकावर लिहा. शेजारीच एक तपासलेला काटा ठेवा. साध्या तराजूंची आणि वजनांची पडताळणी दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी करून घ्यायची असते. शंका आली तर गिऱ्हाइकाला तिथे जाऊन मोजता आलं पाहिजे.

असे साधे उपाय होत नाहीत याचं कारण मतांत आहे. नगरपंचायतीत सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून येतात आणि त्यांना मतं देतात गावात राहणारे लोक. बाजार वापरणारे बहुतेक लोक बाहेरच्या खेड्यांतले. त्यांचं मत त्यांच्या ग्रामपंचायतीत. कोंडीची तक्रार करणारा मतदार आहे, गाठोडं घेऊन येणारी बाई मतदार नाही. शिवाय ग्रामपंचायत असताना ग्रामसभेत उभं राहून ठेक्याचा हिशेब विचारता येत होता. नगरपंचायत झाल्यावर ग्रामसभाच उरत नाही.

पण नगरपंचायत झाल्यामुळे एक हत्यार हाताशी आलं आहे आणि ते फारसं कोणी वापरत नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा नगरपंचायतींनाही लागू आहे. त्यात नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते आणि तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला उठवता येत नाही. परंपरेने विकणारे-घेणारे जिथे जमत आले, त्याला कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो. समितीने शिफारस करून स्थानिक संस्थेने तसं ठरवावं लागतं. आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. आपल्या तालुक्यांच्या गावांतले किती आठवडी बाजार पन्नास वर्षांपेक्षा जुने आहेत, हे कोणालाही सांगता येईल. मात्र सर्वेक्षण बाजाराच्याच दिवशी, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात व्हायला हवं. इतर दिवशी केलं तर फक्त रोजच्या हातगाड्या मोजल्या जातात आणि तीनशे बैठका कागदावर येतच नाहीत.

कोंडी खरी आहे, तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. रुग्णवाहिका अडकते, शाळेची पोरं अडकतात. म्हणून माल उतरवणारे टेम्पो सकाळी आठच्या आत बाहेर काढा आणि रात्री आठपर्यंत आत सोडू नका. जीपगाड्यांना थांबा स्टँडच्या मागे द्या. बारा फुटांचा मोकळा रस्ता पिवळ्या पट्ट्याने आखा आणि त्यावर दिवसभर एक माणूस ठेवा. कचरा त्याच रात्री उचला. बाजाराचा बहुतेक कचरा पाला असतो. तो प्लास्टिक मिसळण्याआधी वेगळा उचलला तर खत होतो, सकाळपर्यंत पडून राहिला तर कुत्री आणि डुकरं तो गावभर करतात.

जनावरांचा बाजार मात्र बाहेर न्यायला हरकत नाही, उलट न्यावाच. काष्टी, बेल्हे, सांगोला इथल्या बाजारांसारखं नाव असलेल्या ठिकाणी लोक त्या एकाच कामासाठी लांबून, स्वतःची गाडी करून येतात. दोन दाती की चार दाती, की जुळलेला म्हणजे सगळे दात आलेला, हे तोंड उघडून बघायला, चालवून बघायला, उपरण्याखाली बोटं धरून भाव करायला मोकळं रान लागतं. जनावरं चढवायला-उतरवायला उतरता धक्का, सावली, पाण्याचे हौद, कानातला बिल्ला तपासायला पशुवैद्यकाची खोली, हे सगळं गावाच्या मध्यात होणार नाही. २०२२ मध्ये लम्पीमुळे जनावरांचे बाजार बंद करावे लागले, तेव्हा वेगळी जागा असती तर भाजीबाजाराला धक्का लागायची भीती नव्हती.

तुमच्या गावाचा विकास आराखडा तयार होत असेल किंवा सुधारत असेल, तर बाजारतळाचा गट क्रमांक घेऊन नगरपंचायतीत जा आणि प्रारूप नकाशात त्या जागेवर काय दाखवलं आहे ते बघा. ‘आठवडी बाजार’ असं आरक्षण आहे, की नुसतं ‘वाणिज्य’ लिहिलं आहे? दुसरं असेल तर उद्या तिथे गाळे येणार हे धरून चाला. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी तीस दिवस असतात. त्या आधीच्या दोन बाजारांना टेप घेऊन तळावर जा, बैठका आणि पालं मोजा, किती गावांची माणसं आली ते विचारून लिहून घ्या, कच्चा नकाशा काढा. हरकतीला तो जोडा, विक्रेत्या बायकांच्या सह्या-अंगठे घ्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घेऊनच बाहेर पडा.